काकूंचा चोरटा फोन

कुरिहारांच्या घरात फोन होता तो दारात. दार सरकवून आत आलं की जिथं चपला काढायच्या, तिथंच डाव्या हाताला एका फळीवर, विणलेल्या रुमालावर, काळा, जाडजूड, एखाद्या सुस्तावलेल्या बोक्यासारखा बसलेला. आमच्या इथल्या, तोक्योच्या मराठी मंडळातली पुण्याची मुलं मला विचारतात, काका, फोन दारात कशाला ठेवायचे? अरे बाबांनो, गल्लीत फोन एकच. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापल्या नातलगांना हाच नंबर देऊन ठेवलेला. घंटा वाजली की काकूंनी बाहेर जाऊन हाक मारायची, आणि ज्याचा फोन असेल त्यानं धावत येऊन चपलांसकट दारात उभं राहून बोलायचं. घरात पाऊल टाकायचं नाही, चहा मागायचा नाही, काकूंची लादी खराब करायची नाही. म्हणून फोन दारात. आता या मुलांच्या खिशाखिशात फोन आहेत, पण गावाहून आईचा फोन आला की तीसुद्धा दारातच जातात बोलायला. आत बायको ऐकते.

मी चौथी नापास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी शुद्धलेखनाच्या चुका काढत बसायला नको. नातीकडून तपासून घ्या असं एकजण म्हणाला. नातीला मराठी वाचता येत नाही. ती मला जपानीत उत्तर देते, मी तिच्यावर मराठीत ओरडतो, आमचं उत्तम चाललंय. तेव्हा हे जसं आहे तसं घ्या.

मला जपानात आणलं मामानं. मामा जहाजावर आचारी होता. जहाज सोडून तोक्योच्या गोदीजवळ त्यानं करी-भाताचं दुकान टाकलं आणि रत्नागिरीहून मला बोलावून घेतलं, फुकटात कांदे सोलायला. वर्षभर मी कांदे सोलले आणि मामाच्या शिव्या खाल्ल्या. एक दिवस त्यानं गिऱ्हाइकांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. त्याच वेळी दुकानातला फोन बिघडला म्हणून एक माणूस आला होता, बुटका, रुंद, शिडीवर चढलेला, आणि ती शिडी मी धरली होती. मामानं मारलं तरी मी शिडी सोडली नाही. माणूस खाली उतरला, त्यानं माझ्याकडं बघितलं, मामाकडं बघितलं, आणि हत्यारं गोळा करून निघाला. मी शिडी उचलून त्याच्यामागून गेलो आणि त्याच्या टेम्पोत चढून बसलो. त्यानं हाकललं नाही, मी उतरलो नाही. माझी नोकरी अशी लागली. कागदपत्रांचं कुरिहारांनी पुढं काय केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

कुरिहारांना मी उस्ताद म्हणेन, कारण ते तेच होते. घर ग्योतोकुला. आत्ता जिथं बिल्डिंगांमागून बिल्डिंगा आहेत आणि दर दुसऱ्या जिन्यात फोडणीचा वास येतो, तिथं तेव्हा चिखल होता, खाडी होती, आणि चिखलात तिसऱ्या होत्या. होय, आपल्या तिसऱ्या. वर्षभरात मला कुणी सांगितलं नव्हतं की हा देश तिसऱ्या खातो. मामानं मला गोदीच्या बाहेर नेलंच नव्हतं. उस्तादांच्या घरात पहिल्या सकाळी वाफाळता वाडगा पुढं आला, तळाशी उघड्या शिंपल्या, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंना वाटलं पोळलं. काकू म्हणजे उस्तादांची बायको. सगळे त्यांना ओकामिसान म्हणत, म्हणजे मालकीणबाई; मी पहिल्या दिवसापासून काकू म्हटलं आणि त्या ओ देऊ लागल्या. माझं नाव सदाशिव मुरुडकर, पण सादा नावाची माणसं त्यांच्यात असतातच, तेव्हा मी सादा झालो. मुरुडकर मात्र त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. ते म्हणायला लागले की वाटायचं कुणीतरी जिन्यावरून गडगडत खाली येतंय.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. सकाळी लाकडी झडपा ढकलल्याचा खडखडाट. वरच्या पुलावरून जाणारी आगगाडी, तेव्हा नवी होती, तिच्या प्रत्येक फेरीला कपाटातल्या वाट्या एकमेकींना सांगायच्या की आली, आली. संध्याकाळी सायकलवरून तोफूवाला पितळी भोंगा वाजवत यायचा. उस्तादांचा मात्र आवाज नाही. दिवसाकाठी ते बोलायचे ते मुठीत मावेल. मूलबाळ नव्हतं. जेवताना आम्ही तिघं, आणि बोलणाऱ्या एकट्या काकू. रोज सकाळी त्या माझ्यापुढं नात्तो ठेवायच्या, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, बुळबुळीत, तारा सुटणारं, ओल्या मोज्याच्या वासाचं. रोज मी ते उस्तादांकडं सरकवायचो. मग एक दिवस मी स्वयंपाकघरात शिरलो आणि तिसऱ्यांची एकशिपी केली, म्हणजे एका शिंपीसकट केलेला रस्सा. मसाला मामाच्या डब्यातला, निघताना खिशात आला होता. नारळ नव्हता तर तीळ वाटले, आणि आंबटाला कोकम नाही म्हणून काकूंच्या बरणीतला खारवलेला आंबट आलुबुखार घातला. उस्तादांना दरदरून घाम फुटला. त्यांनी घाम पुसला आणि भाताचा वाडगा पुढं केला, मग पुन्हा पुढं केला. तेव्हापासून स्वयंपाकघर माझं आणि काकूंचं. उस्ताद तिथं पाऊल टाकत नसत. बाप्यानं चुलीशी जाऊ नये हा कायदा आमच्या गावात होता तसाच तिथंही होता, फक्त मी तो दोन्हीकडं मोडला.

आता कामाचं सांगतो. आमचं काम टेलिफोन कंपनीच्या वतीनं घराघरांत तार ओढायचं. फोन दारात असलेल्या लोकांच्या अंगात तेव्हा नवीच हौस शिरली होती, फोन आतल्या खोलीत हवा. मग आम्ही जायचं, आणि दारातल्या फोनपासून आतपर्यंत तार न्यायची, चौकटीच्या कडेनं, बारीक खिळ्यांनी, अशी की पाहुण्याला दिसू नये. उस्तादांचा जोड कसा असायचा? तारेवरचं प्लॅस्टिक दातानं नव्हे, चाकूनं सोलायचं, तांबं तांब्याला पिळायचं, वर डाख द्यायचा, वर पट्टी गुंडाळायची. पण त्यांचं म्हणणं असं की जोड करायचाच नसतो. तार कमी पडली तर ती काढून टाका आणि अख्खी नवी ओढा. नाइलाजानं जोडलंच तर अशा ठिकाणी, की पुढच्या माणसाला दिसेल. घाऊक दुकानदारानं त्यांना एकदा एक पिशवी भेट दिली होती, नव्या तऱ्हेच्या कनेक्टरची. वाटाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी, आत जेली भरलेली, खाली तीन भोकं. तारा सोलायच्यासुद्धा नाहीत. तशाच टोकापर्यंत आत खुपसायच्या, पकडीनं टोपी दाबायची, टच्च आवाज येतो, आतलं पातं तारेच्या कातडीतून तांब्यापर्यंत जातं आणि जेली बाहेर ओघळते. पाणी शिरत नाही, गंज चढत नाही. उस्तादांनी एक दाबून बघितला, ओघळलेली जेली बोटाला लागली तशी ती पँटला पुसली, आणि पिशवी फडताळात टाकून दिली. मला ती पिशवी फार आवडली होती.

लोकांचे फोन आत नेणाऱ्या या माणसाचा स्वतःचा फोन मात्र दारात. काकू वर्षानुवर्षं मागत होत्या की एक स्वयंपाकघरात द्या. कामाचे फोन येतात, हात पिठाचे असतात, थंडीत दारात उभं राहून पाय गारठतात. उस्ताद म्हणायचे, बघू. त्यांचं खरं कारण गल्लीचं होतं. फोन आत गेला तर शेजारी कुठं जाणार? आणि काकूंचं खरं कारणही गल्लीचंच होतं. शेजारी दारात तोंड भिंतीकडं करून, तोंडावर हात धरून काय बोलतात ते त्यांना ऐकायचं होतं. विशेषतः पलीकडच्या घरातले इतो, म्हातारे, जन्मभर खाडीत तिसऱ्या काढलेले. त्यांचा ओसाकातल्या मुलाशी मोठा झगडा चालला होता, आणि काकूंच्या कानावर त्यातली निम्मीच बाजू यायची. निम्मं भांडण ऐकून कुणाचं पोट भरतं?

तेव्हा एका रविवारी उस्ताद गावाला भावाकडं गेले होते त्या दिवशी मी काकूंना फोन दिला. तिथली घरं जमिनीपासून हातभर उचललेली असतात. मी दिवा तोंडात धरून घराखाली सरपटत गेलो. खाली कोळी, मांजराची हाडं आणि ओल. त्या ओलीत उस्तादांचा पिळलेला जोड महिन्याभरात हिरवा झाला असता, म्हणून मी पिशवीतले जेलीचे कनेक्टर घेतले. दाराकडं जाणारी तार तोडली, तिची दोन टोकं आणि माझी नवी तार एकेका टोपीत कोंबली, दाबली. टच्च. दुसरी, टच्च. तार स्वयंपाकघराच्या फळीतून वर काढली. फोन अडगळीतला जुना होता. त्याची घंटा मी काढून टाकली, कारण दोन घंटा वाजल्या असत्या तर उस्तादांना कळलं असतं. खालच्या कपाटात, सोयाच्या बाटल्यांच्या मागं तो बसवला. काकूंनी पिठाच्या हातांनी माझे गाल धरले. त्या कामाबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. काम चोख होतं.

दुसऱ्या दिवसापासून काकूंचं आयुष्य बदललं. दारात घंटा वाजली की त्या जाऊन ज्याला त्याला हाक मारायच्या, आणि तो माणूस पलीकडं बोलायला लागला की इकडं कपाटात डोकं घालून बसायच्या. मला खुणेनं बोलवायच्या. मग आम्ही दोघं एका रिसीव्हरला एकेक कान लावून बसायचो, शेगडीवर डाळ, म्हणजे त्यांचं मिसो, उतू जातंय. इतोंच्या मुलाला बापानं खाडीचे हक्क विकून आलेल्या पैशातून दुकान काढून द्यायला हवं होतं. इतो म्हणायचे, तुला दुकान हवं तर चिखलात ये. मला या सगळ्यातून जपानी भाषा जेवढी आली तेवढी कुठल्या शाळेत आली नसती. पण एक भानगड झाली. एका तारेवर दोन रिसीव्हर उचलले की आवाज निम्म्यावर येतो. तारेतली वीज दोघांत वाटली जाते. इतो आधीच थोडे बहिरे. बोलता बोलता एकदम आवाज बसला की ते आणखी ओरडायचे, आणि आम्ही आणखी मजेत ऐकायचो. शेवटी त्यांनी उस्तादांकडं तक्रार केली की तुमची लाइन बिघडली आहे. उस्तादांनी दारातला फोन उघडून पाहिला, पुसला, बंद केला. समुद्राची हवा, एवढंच म्हणाले.

हे असं छान चाललेलं असताना एका संध्याकाळी माझ्या वाडग्याशेजारी उस्तादांनी एक छोटी डबी ठेवली. आत शिक्का होता, बोटाएवढा, गोल, त्यावर अक्षरं कोरलेली. तिथं माणसं सही करत नाहीत, शिक्का मारतात. मला अक्षरं वाचता येत नव्हती. मला वाटलं, दुकानाचा माल आला की पोच द्यायला दिलाय. मी तळहातावर मारून बघितला, खूश झालो, वाकून म्हटलं, आभारी आहे, सांभाळून वापरीन. काकूंनी पदर नसलेल्या बाईनं जसे पुसावेत तसे बाहीनं डोळे पुसले. उस्तादांनी स्वतःच्या पेल्यातली साके माझ्या पेल्यात ओतली. दुसऱ्या दिवशी लाल भात झाला, चवळीसारखे बारीक लाल दाणे घालून केलेला, आणि डबे भरभरून गल्लीत गेला. मी ओरपून खाल्ला. शेजारी मला पाहिलं की वाकून अभिनंदन म्हणायचे, आणि मीही वाकून आभार म्हणायचो. माणसं चांगली आहेत, भात बरा झाला म्हणूनसुद्धा अभिनंदन करतात, असं मला वाटायचं.

मग कळलं, आणि ज्या तारेवर इतोंचं भांडण ऐकायचो तिच्यावरूनच कळलं. काकू बाजाराला गेल्या होत्या, मी तिसऱ्या मिठाच्या पाण्यात टाकत होतो. उस्ताद दारातून भावाला फोन करत होते. हात सवयीनं कपाटात गेला. पलीकडून भाऊ म्हणत होता, परक्या देशाचा पोरगा, आपल्या नावाचा कसा होईल? आणि उस्ताद, ज्यांनी मला कधी सलग दोन वाक्यं ऐकवली नव्हती, बोलत होते. म्हणाले, त्यानं शिक्का घेतला, लाल भात खाल्ला. वसंतात कचेरीत जाऊन नोंदवतो. मला कुणी आहे का? माझ्यामागं थडग्यावर पाणी कोण घालणार, तू?

मी रिसीव्हर ठेवला आणि तिसऱ्यांच्या घमेल्याशेजारी बसलो. तो शिक्का कुरिहारा नावाचा होता, आणि लाल भात तिथं घरात मंगलकार्य असलं की करतात. मी दत्तक गेलो होतो. आमच्याकडं पोर दत्तक द्यायचं म्हणजे नारळ, भटजी, चार म्हातारे आणि निदान एक भांडण लागतं, आणि तरीसुद्धा थोरल्या मुलाला देत नाहीत, कारण आईबापांना अग्नी तो देतो. मी थोरला. इथं नारळ नाही, भटजी नाही, कुणाचा आवाज चढला नाही, आणि मी भात खाऊन मोकळा. आणि हे विचारावं कुणाला? उस्तादांना विचारलं तर ते विचारणार, तुला कळलं कुठून.

काकू आल्या तसं त्यांना सांगितलं. आधी त्या हसल्या, इतक्या की भाजीची पिशवी घेऊन खाली बसल्या. तुला कळलंच नव्हतं? अरे, पण तू केवढा वाकलास! मग त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, "नको असेल तर आत्ता सांग. वसंतात सांगू नकोस. त्या माणसाला वसंतात सांगितलेलं सोसणार नाही."

मला काय हवं होतं ते मला माहीत असतं तर एवढं लिहायला कशाला बसलो असतो. त्या घरातून हलायचं नव्हतं हे खरं. आणि मुरुडकर पुसून टाकायचं नव्हतं हेही खरं. मी म्हटलं, आईबापांना विचारायला हवं. काकूंनी उस्तादांना सांगितलं की त्यांच्या देशात असा रिवाज आहे, तोंडी विचारावं लागतं, आवाज ऐकवावा लागतो. उस्तादांनी मान डोलावली. पत्र घालून वार ठरवला. बाबांनी तालुक्याच्या पोस्टात जाऊन बसायचं, आम्ही इथून कॉल लावायचा.

त्या संध्याकाळी उस्ताद काळा कोट घालून दारातल्या पायरीवर बसले, माझ्यापासून हातभर. काकू चहा करते म्हणून आत गेल्या. पुष्कळ वेळानं कॉल लागला, आणि समुद्राच्या तळातून यावा तसा बाबांचा आवाज आला. बाबा खाडीच्या तरीवर, होडीची तिकिटं फाडायचे. वाऱ्यावर ओरडायची सवय होती, म्हणून निदान ऐकू तरी आलं.

"काय रे सदा, जिवंत आहेस काय?"

मी एका दमात सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "पोटभर घालतात?"

"घालतात."

"शिव्या?"

"नाही. उस्ताद बोलतच नाहीत."

"मग बाप कसला तो?"

आणि तेवढ्यात त्यांचा आवाज एकदम निम्मा झाला. मला कळलं, काकूंनी उचलला. त्यांना मराठीचा म कळत नव्हता, तरी उचलला. आणि मी काय करणार? उस्ताद शेजारी बसलेले. मी फोन कानात घुसवला. बाबा ओरडत होते, थोरल्याला देत नाहीत हे तुला माहीत नाही काय? मग स्वतःच म्हणाले की मामाकडं गेलास तेव्हा विचारलं नाहीस, मामाला सोडलंस तेव्हा विचारलं नाहीस, आता बरा मला विचारायला आलास. तुझ्या आईशी बोल, ती सकाळपासून इथं पोस्टात बसून मास्तरचं डोकं खातेय.

आईनं कधी फोन हातात धरला नव्हता. आधी नुसता श्वास ऐकू आला. मी म्हटलं, आई, उस्ताद इथंच आहेत, त्यांचं म्हणणं असं की. तिनं मला पुढं बोलू दिलं नाही.

"तो माणूस राहू दे. ती बाई कुठं आहे? तिला दे."

"आई, तिला मराठी येत नाही."

"मला कुठं जपानी येतंय? दे म्हटलं ना."

काकूंना शब्द कळला नसेल, पण बाईचा आवाज कळला, आणि त्यांना राहवलं नाही. "मोशी मोशी," त्या म्हणाल्या, "सादाची आई का?" माझ्या एका कानात तो आवाज रिसीव्हरमधून आला आणि दुसऱ्या कानात स्वयंपाकघरातून. उस्तादांची मान हळूहळू स्वयंपाकघराकडं वळली, मग माझ्याकडं वळली, आणि तिथंच थांबली.

आता लपवायचं काहीच उरलं नव्हतं. मी इकडचं तिकडं सांगू लागलो. आईनं विचारलं, तिला पोरबाळ नाही काय? मी म्हटलं, नाही. आई म्हणाली, "तिचं बरोबर आहे बाबा." आणि मग म्हणाली, "तिला सांग, ठेव म्हणावं. जेवू घाल, कामाला लाव, कान पिळ. पण दिला असं समजू नको. मी दिलेला नाही."

हे मला जपानीत सांगायचं होतं, काळा कोट घातलेल्या त्या माणसासमोर. आईला जपानी येत नव्हतं, काकूंना मराठी. मधे मी काहीही सांगितलं असतं तरी ते खपलं असतं. जरा मऊ करावं असं मनात आलं. पण आमच्या घराण्यात मऊ बोलणारा कुणी झालेला नाही, आणि त्या दिवशी मुरुडकर राहायचं की नाही हाच तर सवाल होता. मी होतं तसं सांगितलं. शेवटचं वाक्य उस्तादांकडं बघून सांगितलं.

तारेतल्या खरखरीतून काकू म्हणाल्या, "आझुकारिमास." दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात जपून ठेवायला घेतो, आणि ज्याची त्याला ती परत देणार असतो, तेव्हा तिथं हा शब्द म्हणतात. मी आईला म्हटलं, ती सांभाळते म्हणतेय. आई म्हणाली, "बरं." आणि लाइन गेली.

उस्ताद उठले. मी बघत असताना पहिल्यांदाच ते स्वयंपाकघरात गेले. कपाटापाशी उकिडवे बसले, सोयाच्या बाटल्या एकेक बाजूला केल्या, फोन बघितला, उचलून कानाला लावला. जोड कुठं आहे, म्हणाले. मी म्हटलं, घराखाली. कसला? जेलीचा. त्यावर त्यांनी फक्त हं म्हटलं. मग काकूंना विचारलं, "गल्लीतलं सगळं ऐकलंस?"

"सगळं," काकू म्हणाल्या, अजिबात न लाजता.

"मग उद्या कुणाकडं काय बोलायचं ते सांग."

कारण भात गल्लीभर गेला होता. तो परत कसा घेणार? उस्तादांनी घेतला. दुसऱ्या दिवशी तोच काळा कोट घालून, तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचे पुडे घेऊन ते दारोदार गेले, आणि मी मागं. प्रत्येक दारात कंबरेत वाकायचं आणि सांगायचं की आमची घाई झाली, हा मुलगा आपल्या आईबापांचाच आहे, मुरुडकरच आहे. ते नाव त्यांनी रात्रभर घोकलं असावं, कारण त्या दिवशी ते प्रत्येक दारात अख्खं म्हणाले, एकदाही गडगडलं नाही. माझी मान जेवढी वाकली तेवढी आयुष्यात कुणासमोर वाकलेली नाही, देवळातसुद्धा नाही. काकूंची शिकवणी मात्र चोख होती. कुणाच्या घरात कुणाशी बोलणं बंद आहे, कुणापुढं मुलाचा विषय काढू नये, सगळं उस्तादांना आधीच पाठ.

शेवटचं दार इतोंचं. त्यांनी चकत्या घेतल्या, भाताचं आणि कपाटातल्या फोनचंही सगळं ऐकून घेतलं, कानावर हात धरून पुन्हा ऐकून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे माझ्या फोनचा आवाज बसायचा तो समुद्राच्या हवेनं नव्हे तर. उस्ताद आणखी खाली वाकले. इतो म्हणाले, राहू दे, माझ्या मुलाचं डोकं फिरलंय हे निदान आणखी कुणीतरी ऐकलं. पण मला आता माझा स्वतःचा फोन बसवून द्या. तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं. मला वरपासून खालपर्यंत बघून उस्तादांना विचारलं, "मग आता हा तुमचा कोण लागतो?"

उस्तादांनी त्यांच्या हातातल्या पुड्याचा कागद सरळ केला.

"लागत कोणी नाही," ते म्हणाले. "राहतो."

मी राहिलो. बाबा गेले तेव्हा गावी जाऊन अग्नी मी दिला, आई गेली तेव्हाही. आणि इथं उस्तादांच्या थडग्यावर पाणीही मीच घालतो, आता काकूंचं नावही त्याच दगडावर आहे. तिथल्या देवळात नवा पुजारी आलाय, तरुण आहे, दर खेपेला विसरतो आणि विचारतो, आपण यांचे कोण. मी बादली खाली ठेवतो आणि सांगतो, कोणी नाही, त्यांच्याकडं राहायचो.